श्वास घ्यायची पाळी

नयन माझी धाकटी जाऊ. दोन वर्षं झाली, आम्ही एकमेकींशी बोलत नाही, आणि बाळकुमला आमची घरं एकाच मजल्यावर, समोरासमोर. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. ती बाहेर आली की मी दार लावून घेते, मी बाहेर आले की ती. सगळं असं व्यवस्थित चाललेलं असताना शालनताईंनी आम्हाला एकमेकींच्या शेजारी उभं केलं.

शालनताई डोंबिवलीच्या. मुलाकडे अमेरिकेत बारा वर्षं राहिल्या, तिथल्या गावच्या क्वायरमध्ये गायल्या आणि परत आल्यावर त्यांनी इथे स्वतःचा क्वायर काढला. बँकेतून निवृत्त झालेले, शाळेतल्या बाई, डॉक्टर, आणि गावठाणातल्या आम्ही, असे एकतीस जण. दर रविवारी ठाकुर्लीच्या एका शाळेत तालीम. या डिसेंबरचा कार्यक्रम सगळा अमेरिकन गाण्यांचा ठरला. शेवटचं गाणं गुलामीत कापूस वेचणाऱ्या लोकांचं होतं. ते एका मुलीने एकटीने सुरू करायचं आणि तिच्या खाली दोन बायकांनी तोंड मिटून एकच खर्जाचा सूर धरून ठेवायचा. बाकीचे अठ्ठावीस जण तोवर गप्प.

एकटीने गाणारी मुलगी म्हणजे माझी दिशा. खालच्या दोघी म्हणजे मी आणि नयन.

शालनताईंना आमचं भांडण ठाऊक नव्हतं. त्या सारख्या कौतुक करायच्या की तुमचे आवाज किती मिळतात. मिळणारच. दोघींना एकाच सासूने घडवलंय. आमच्या सासूबाई, आवडाबाई, धवलारीण होत्या. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी बाई ती धवलारीण. लग्न होऊन आल्यावर आम्हा दोघींना त्यांनी ओट्यावर बसवून धवले शिकवले. एकीने ओळ टाकायची, ती संपायच्या आत दुसरीने उचलायची, मध्ये फट पडू द्यायची नाही. धवल्यात फट पडली तर नवरीच्या संसारात पडते, असं सासूबाई मानतात. मीही मानते. इंग्रजी शाळेत शिकलेल्या आमच्या मुलीही मानतात.

आणि माझ्या दिशाच्या हळदीला, भर मांडवात, नयनने ओळ अर्धी सोडली. उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. का, तर पत्रिकेत तिच्या नवऱ्याचं, देवरामचं, नाव नव्हतं. प्रिंटरची चूक, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. प्रूफ मी तपासलं होतं, तो भाग वेगळा. मांडवातल्या शंभरेक बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. दिशाच्या अंगाला हळद लागलेली होती. तिने मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

आठ महिन्यांत ती शीळफाट्याच्या सासरहून परत आली. नवरा हात उचलायचा. त्याला मी शिव्या घातल्या, पण रात्रंदिवस जिच्या नावाने बोटं मोडली ती नयन. वर्षभर दिशा घराबाहेर पडली नाही. लहानपणापासून गाणारी पोर साधं गुणगुणेना. मग कुठूनसं तिला या क्वायरचं कळलं आणि ती आपणहून गेली. तिच्यावर लक्ष ठेवायला मी मागोमाग नाव घातलं. नयनला तिथे दिशानेच बोलावलं, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तालमीत शालनताईंनी आम्हाला श्वास वाटून दिले. मी दिशाची पहिली ओळ संपताना घ्यायचा, नयनने दुसऱ्या ओळीच्या मध्यावर. दोघींनी एकदम कधीच नाही.

"लोकांना वाटलं पाहिजे की या सुराला श्वास लागतच नाही," त्या म्हणायच्या. "एकीने घेतला की दुसरीने धरून ठेवायचं. दिशाला तोच आधार आहे."

पहिल्याच तालमीत माझ्या डोक्यात आलं. नयन श्वास घेईल तेव्हा मीही सूर सोडायचा. सूर तुटेल, आणि खांदे उचललेले दिसतील ते तिचे. पहिल्या रांगेत सासूबाई असतील, मागे सगळं बाळकुम असेल. सगळ्यांना पुन्हा दिसेल की हिने मध्येच सोडलं. या विचाराने मला चार महिने गार वाटत होतं. घरी भांडी लावतानाही मी त्या जागेचा सराव करायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी, स्टेजवर जायच्या आधी, नयन माझ्याजवळ आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिला घाम फुटला होता.

"बाय, माजा दम कमी परतंय," ती म्हणाली. "मी सोरला क तू धरून ऱ्हा."

मी पदर नीट केला आणि पुढे निघाले.

दिशाने पहिली ओळ घेतली आणि सभागृह शांत झालं. एवढ्या मोकळ्या गळ्याने ती लग्नाआधीही गायली नव्हती. माझी पाळी आली, मी श्वास घेतला, नयनने सूर धरला. केसाएवढाही हलला नाही. मग दुसरी ओळ. नयनचे खांदे वर उचलले गेले आणि मी गप्प झाले.

माझा हिशेब साधा होता. ओळ टाकणारी धवलारीण दुसरीसाठी थांबत नाही, ती आपली ओळ पुढे रेटते. दिशा त्याच घरातली आहे, रेटेल, असं मी धरून चालले होते. तिला ती फट कशी ऐकू जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दिशा थांबली. शब्द अर्धा राहिला आणि तिची मान खाली गेली. हळदीच्या दिवशी गेली होती तशीच.

मी घाबरले. सूर पुन्हा लावायला गेले तर घशातून नुसती हवा आली. नयनने अर्धाच श्वास घेतला होता, तेवढ्यावरच तिने सूर उचलला. एकटीने. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण तिने सोडलं नाही. दिशाने हळूहळू मान वर केली, अर्धा राहिलेला शब्द पहिल्यापासून घेतला आणि पुढे गेली. बाकीचे अठ्ठावीस जण गाण्यात आले तेव्हा नयन पार वाकली होती. माझं तोंड शेवटपर्यंत मिटलेलंच होतं. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल, मी गातेय.

टाळ्या खूप झाल्या. आत आल्यावर शालनताई नयनला म्हणाल्या की एवढ्या तालमी करूनही तुमच्याच श्वासाच्या जागी सूर तुटला. नयनने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "हो ताई. चुकला माजा."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला. चार महिने ज्याची वाट पाहिली ते तिच्याच तोंडून ऐकायला मिळालं होतं.

मग दिशा आली. तिने काकीला पाण्याची बाटली दिली, खुर्ची ओढून बसवलं आणि माझ्याकडे वळली.

"आई, तुमच्या दोघींचे धवले ऐकत मी मोठी झाले," ती म्हणाली. "कोणाचा आवाज गेला ते मला कळणार नाही का?"

मी म्हटलं, घसा बसला गं एकदम. तिने ते ऐकूनच घेतलं नाही. आवाज न चढवता बोलत राहिली. काकी त्या दिवशी तुझ्यावर चिडून गेली, मला तेव्हाही माहीत होतं, म्हणाली. तू आज माझ्यावर का चिडलीस?

तुझ्यावर नाही, असं मला म्हणायचं होतं. पण सूर तिच्याच पायाखालून काढला होता मी, दुसऱ्या कोणाच्या नाही.

मार्चमध्ये पुढचा कार्यक्रम आहे, हेच गाणं पुन्हा आहे, तिने सांगितलं. खालचा सूर काकी एकटी धरेल, असं ती शालनताईंना सांगणार होती. मी म्हटलं, एकटीला दम पुरायचा नाही.

"नाही पुरला तर मी थांबेन तिच्यासाठी," दिशा म्हणाली.