दोस्त सरकारची माती

"परत वाचा, भाऊसाहेब," जिजा म्हणाली.

गोपाळकृष्ण कारकुनाने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. खालापूरच्या मामलेदार कचेरीच्या ओसरीखाली जिजा आणि तिची सासू ठमी उकिडव्या बसल्या होत्या. इर्शाळच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतून दोघी पहाटेच निघून आल्या होत्या. कागद इंग्रजीत होता. गोपाळकृष्ण त्याचे मराठी करून सांगत होता, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज पहिल्याहून बारीक झाला.

"मयत मजूर पोशा याला फ्रान्स मुलखात पुरलं आहे. ती जागा तिथल्या दोस्त सरकारनं आपल्या सरकारला कायमची दिली आहे. दोन्ही सरकारांत ठरल्याप्रमाणे तिथून काही हलवता येत नाही. मातीसुद्धा पाठवता येत नाही."

दोन वर्षांमागे हाच गोपाळकृष्ण वाडीवर गेला होता. लढाई ऐन भरात होती, आणि मजुरांची नावे आणा म्हणून वरून तगादा होता. पण तो केवळ हुकमाचा ताबेदार म्हणून गेला नव्हता. वर्तमानपत्रातले तह आणि करार कचेरीत सगळ्यांना समजावून सांगणे ही त्याच्या आयुष्यातली एकुलती एक मिरवायची गोष्ट होती. वाडीवरही त्याने तेच केले. "फ्रान्स आपल्या सरकारचा दोस्त. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपण घागर घेऊन धावतो की नाही? तुम्हाला बंदूक धरायची नाही. नुसती कुदळ मारायची."

"थंडी लय आसंल का?" जिजाच्या नवऱ्याने, पोशाने विचारले होते.

"असेल थोडी," गोपाळकृष्ण म्हणाला होता. त्याला काहीच ठाऊक नव्हते.

चौघांना त्याने स्वतः कर्जत स्टेशनावर गाडीत बसवून दिले. त्यातला एकटा पदू परत आला, तोही खोकत. त्याने सांगितले की जमीन दगडासारखी गोठली होती, आणि पोशा आठ दिवस तापात घराचीच वाट विचारत होता.

तेव्हापासून ठमीने हट्ट धरला. लेक जिथे पडला तिथली मूठभर माती आणा, नाहीतर वाडीतल्या मेलेल्यांच्या दगडांत त्याच्या नावाचा दगड मी बसवायची नाही. गोपाळकृष्णाने तीन अर्ज लिहिले. तिसऱ्याला हे उत्तर आले.

"दोस्त हायेत ना त्ये?" जिजाने विचारले.

"आहेत."

"मंग दोस्तानं दोस्ताला येवढं सांगाया नको?"

गोपाळकृष्णाने कागदाची घडी घातली. कचेरीमागच्या परसातली माती पुडीत बांधून द्यावी, असे सकाळपासून दोनदा त्याच्या मनात येऊन गेले होते. आताही आले. पण ठमी त्याच्याकडे एकटक पाहत होती, आणि या बाईला आणखी एक खोटे सांगण्याचे बळ त्याच्यात उरले नव्हते.

"माझं चुकलं, आजी," तो म्हणाला. "मी यायलाच नको होतं वाडीवर."

ठमी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"त्यो मुलूक कंच्या अंगाला हाय?"

तो पायऱ्या उतरून अंगणात आला. क्षणभर त्यालाही दिशा ठरवावी लागली. मग त्याने वायव्येकडे हात केला. "तिकडं. डोंगराच्या पलीकडं, मग दर्याच्याही पलीकडं."

ठमीने तिकडे तोंड केले. डोंगरात एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावरच्या माणसाला साद घालतात तसे दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि हाक मारली, "पोशाऽऽ, आरं पोशाऽऽ."

आतले बोरू थांबले. पट्टेवाला दारात आला, पण तिला हटकण्याचे त्याच्याच्यानेही झाले नाही.

दरीपलीकडून ओ यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ठमी कान देऊन उभी राहिली. मग आणखी थोडा वेळ थांबली. शेवटी डोक्यावरचा पदर सारखा करत सुनेला म्हणाली, "चल गं. लांब हाय त्यो."