पाहुणे असेपर्यंत

बंदराच्या शहरात कुणाचं काही काम निघालं, की त्या घराण्यात एकच सल्ला मिळे, "बारकीकडे उतरा." बारकी म्हणजे घरातलं शेंडेफळ. नवरा बंदरात क्रेन चालवायचा. घर दोनच खोल्यांचं, पण बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची गादी कायम घातलेली, टॉवेल धुऊन घडी केलेले. सहा वर्षांत मामा आले, आत्या आली, चुलतभाऊ तर दाढ काढायला म्हणून आला आणि नऊ दिवस राहिला. फुकट ते पौष्टिक! निघताना प्रत्येकाला ती म्हणे, "अजून दोन दिवस राहा ना." सगळे कौतुक करत, काय माया आहे पोरीला!

या खेपेला तिचा थोरला भाऊ निघाला होता. तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. बोटीतून जुन्या मशीनचा मोठा लॉट आला होता, त्यातली चालण्याजोगी निवडायला चार दिवस लागणार होते. बायकोही बरोबर येणार होती. सकाळी चहा घेताना ती मोबाईलवर त्याला लॉजचे फोटो दाखवत होती.

"ही बघा, खिडकीतून थेट बोटी दिसतात."

"बारकीला वाईट वाटेल गं."

"गेल्याच महिन्यात आत्याबाई राहून आल्या तिच्याकडे. आता आपणही जावयाच्या घरी ठाण मांडायचं, बरं दिसतं का? जन्मात पहिल्यांदा समुद्र बघतेय मी. दुसऱ्याच्या घरची भांडी घासत घासत नाही बघायचा तो मला."

यात खोटं काहीच नव्हतं. दादानं खोली ठरवली आणि बहिणीला फोन लावला.

"लॉजवर?" बारकी म्हणाली. "दादा, इथेच उतर ना रे. वहिनीला कशाला हात लावू देणार नाही मी. जेवा हवं तर बाहेर, पण राहायला इथे या."

"अगं वेडे, दहा मिनिटांवर तर आहे लॉज. येतो की भेटायला."

"मग पहिला दिवस तरी."

"बघू," म्हणून दादा हसला. बहीण अजून लहानच आहे, असं त्याला वाटलं.

वाचकहो, ती लहान नव्हती. पाहुणा घरात असला की क्रेनवाला हात उचलत नसे, एवढंच तिला ठाऊक होतं. चारचौघांत तो लोण्याहून मऊ. पाहुण्याला स्वतः बंदर दाखवायला नेई, आग्रह करकरून वाढी. पाहुणा जिना उतरला की मात्र दाराला आतून कडी लागे, आणि इतके दिवस मनात धरून ठेवलेलं एकेक बाहेर येई. चहा गार दिलास. मामांसमोर उलट बोललीस. हसलीस कशाला? मग पट्टा, चप्पल, कुकरचं झाकण, हाताला लागेल ते. महिन्यातले बिनमाराचे दिवस तिला बोटांवर मोजता येत, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी घरात कुणीतरी पाहुणा असे. म्हणून ती माणसांना विनवून विनवून बोलवायची. तिच्या पाहुणचाराचं गुपित हे असं होतं, आणि ते शोधायला कुणी फार डोकं चालवलं नव्हतं.

दादा-वहिनी शहरात पोचले त्या दिवशी क्रेनवाला पाळी संपवून दुपारी दोनला घरी आला. गादी घातलेली, माणूस नाही.

"कुठाय तुझा भाऊ?"

"लॉजवर उतरलेत. येतील संध्याकाळी."

"म्हणजे सख्ख्या भावालाही तुझं तोंड बघवत नाही!" तो हसला. मग हसायचा थांबला. "का तूच काही सांगितलंस त्याला?"

"नाही हो, खरंच नाही."

पहिल्या फटक्यात तिचा ओठ फाटला. दुसऱ्याला ती भिंतीवर आदळली. तिनं दाराकडे धाव घेतली, कडी काढली, दार अर्धं उघडून हात बाहेर काढला, तोच त्यानं ते दार तिच्या मनगटावर आपटलं. आणि पुन्हा आपटलं. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. केसांना धरून त्यानं तिला स्वयंपाकघरात ओढत नेलं आणि तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर हाणलं. ती खाली पडली तेव्हा कामावरचे लोखंडी टोकाचे बूट त्याच्या पायातच होते. बरगड्यांत, पोटात, पाठीत तो लाथा घालत राहिला. तोंडानं शिवीही देत नव्हता, फक्त धापा टाकत होता.

वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहत. सहा वर्षं त्यांनी हे आवाज ऐकले होते आणि दर वेळी टीव्ही मोठा केला होता. पण त्या सकाळी बारकीनं त्यांच्या हातात भावाचा नंबर ठेवला होता. "आज काही ऐकू आलं तर एवढा फोन करा," म्हणाली होती. त्यांनी तो केला.

तेव्हा वहिनी लॉजच्या खिडकीत बसून दादाला बोटी दाखवत होती. खोली खरोखरच छान होती.

दादा धावत पोचला. क्रेनवाल्यानंच दार उघडलं. "या. पडली हो ती, पाय घसरून." दादाला स्वयंपाकघरातली फरशी दिसली आणि त्यानं मेव्हण्याची गचांडी धरली. पण मशीनच्या बारीक स्क्रूंशी खेळणारा हात तो! क्रेनवाल्यानं त्याला उचलून दारावर आपटलं, तोंडावर ठोसे घातले, दोन दात पाडले, मग गळाच दाबला. दादाचे डोळे पांढरे व्हायला लागले, तेव्हा मागून आलेल्या वहिनीनं टेबलावरची इस्त्री उचलली आणि सगळा जोर लावून क्रेनवाल्याच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यांवर आला. तिनं पुन्हा घातली. नर्सबाईंनी आणि तिनं मिळून बारकीला चादरीत घालून खाली नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात पोलीस जबाब घ्यायला आला. बारकीचं मनगट आणि तीन बरगड्या मोडल्या होत्या, एक डोळा उघडत नव्हता.

"नवरा म्हणतो, बाई घसरून पडली आणि तुम्ही दोघांनी घरात घुसून त्याचं डोकं फोडलं," पोलीस दादाला म्हणाला. "नर्सबाईंनी ऐकलं, पाहिलं नाही. याआधी कुणी काही पाहिलंय? साक्षीदार नसेल तर तुम्हीच अडकाल, आणि ही परत त्याच्याच घरी जाईल."

दादानं फोन लावायला सुरुवात केली. मामांना काही दिसलं नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला, "मी आपला दाढेच्या दुखण्यात होतो रे." आत्या म्हणाली, "भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायची खरी. पण माझं नाव नको घेऊस बाबा, जावयानं माझं इतकं केलं."

एवढ्यात आई आली. रात्रीच दादाचा फोन गेला होता, म्हणून पहिली बस धरून, चार तास प्रवास करून. आता ही 'जुळवून घे' म्हणणार, या भीतीनं बारकीनं तोंड फिरवलं. आई तिच्याजवळ गेली नाही. ती पोलिसासमोरच्या स्टुलावर बसली.

"मी पाहिलंय. लिहा."

"काय पाहिलंत?"

"तीन वर्षांपूर्वी हिच्याकडे राहायला आले होते. अंघोळीला पाठ चोळायला गेले तर पाठीवर पट्ट्याचे वळ. काही ताजे, काही जुने. कुणी मारलं विचारलं, तर हिनं सांगितलं."

"मग तक्रार का नाही केली?"

"मलम लावलं. म्हटलं, पुरुष तापट असतात, तू जपून राहा." आई पुढे सांगत राहिली. "दुसऱ्या दिवशी निघाले. बसपाशी हिनं माझा पदर धरला. 'आई, दोनच दिवस राहा,' म्हणाली. मला कळलं होतं का म्हणतेय ते. मी म्हटलं, घरी दूध नासेल."

पोलिसाचं पेन थांबलं. "आजी, वळांचं लिहितो. हे पुढचं नाही लिहिलं तरी चालेल."

"नाही," आई म्हणाली. "दुधाचंही लिहा. माझ्या नावानिशी लिहा."