पाचशे पन्नास अंशांवरचा तांदूळ

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी रघुपतीने तापलेल्या ओव्हनमध्ये दोन मुशी, म्हणजे जाळण्याच्या चिनी मातीच्या वाट्या, ठेवल्या. एकीत तांदळाचे दाणे, दुसरीत प्लास्टिकच्या उलथन्याचा तुकडा.

"मोबाइलवर घेऊ काय?" मागून उमाकांतने विचारलं.

"घ्या भावोजी. पण काचेला टेकू नका. दोनशे अंश आहे."

रघुपती पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं तंत्रज्ञ आहे. मसाले, पीठ, बिस्किटं जाळायची आणि उरलेली राख तोलायची, हे त्याचं काम. थोरली बहीण अहल्या 'आमचा रघू जाळायच्या खात्यात आहे' असं सांगते.

उमाकांत अहल्येचा नवरा, टेलिफोन खात्यातून निवृत्त. दहा दिवसांपूर्वी त्याने शिवाजीनगरातल्या आपल्या गल्लीतल्या बालवाडीचा तांदूळ पाण्यात टाकला. काही दाणे तरंगले. ते त्याने तव्यावर भाजले, उलथन्याने दाबले, तर तारा सुटल्या. 'मुलांच्या ताटात प्लास्टिक' हा व्हिडिओ गल्लीभर गेला. व्हिडिओत उलथनं हळूहळू आखूड होत होतं, हे फक्त रघुपतीच्या लक्षात आलं. बालवाडीतली एकतीस मुलं सहावर आली, तेव्हा तिथली स्वयंपाकीण यल्लव्वा त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"अण्णा, पुढल्या सोमवारी हजेरी मोजायला सरकारी बाई येत्यात. पंधराच्या खाली पोरं दिसली तर स्वैपाक बंद म्हणं. मी काय करू, सांगा बगू?"

बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर खोटं पाडायची रीत त्यांच्या घरात नव्हती. म्हणून त्याने साहेबांची परवानगी काढली आणि भावोजींनाच साक्षीदार म्हणून आणलं. दाणे बालवाडीतले, तरंगणारे; उलथनं भावोजींच्याच घरचं.

वीस मिनिटांत उलथन्याचा थेंब झाला. तांदूळ तपकिरी झाला. खोलीत मुरमुऱ्यांसारखा वास सुटला.

"भारीतलं प्लास्टिक असेल," उमाकांत म्हणाला. "उष्णतेला दाद न देणारं."

"सरी, तसं तर तसं. आता भट्टीत पाचशे पन्नासला ठेवतो."

तीन वाजता भट्टीतून मूस बाहेर आली. तळाशी चिमूटभर तांबूस राख.

"प्लास्टिक कुठं आहे, भावोजी?"

"उडून गेलं!"

रघुपतीने राख आम्लात विरघळवली आणि तपासणीच्या रसायनाचा एक थेंब टाकला. नळी लालभडक झाली.

"हे लोह. मुलांच्या रक्तासाठी मुद्दाम घालतात. तांदळाच्या पिठात मिसळून यंत्रातून दाणे काढतात. तरंगतात ते हेच."

उमाकांतने नळी उजेडात धरून तिचा फोटो काढला. "हरलो रे रघू. लिहून दे. मी स्वतः गल्लीत पाठवतो."

सव्वीस वर्षांत घरच्या कुणी त्याच्याकडे त्याच्या कामाचा कागद मागितला नव्हता. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: प्लास्टिक आढळले नाही. लोह आढळले. खाली पूर्ण सही केली.

बुधवारी सकाळी साडेसहाला नवा व्हिडिओ आला. लाल नळी, शेजारी ती सही. 'प्लास्टिक नाही, त्याहून भयंकर! मुलांच्या भातात लोखंड! आमच्या मेहुण्यांनी स्वतः सिद्ध केलं.'

रघुपतीने फोन लावला. "भावोजी, हे काय केलंत?"

"खोटं काय आहे त्यात? तूच लिहिलंस. तुझं नाव झालं बघ गल्लीत."

"अहो, मेथीतसुद्धा लोह असतं!"

"असं?" मग फोनपासून लांब, मोठ्याने, "अहल्या, मेथी निवडू नको गं!"

शुक्रवारी चार मुलं आली. यल्लव्वाने दुपारी बाराला बालवाडीच्या उंबऱ्यात बसकण मारली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तोच भात जेवायला सुरुवात केली. शनिवारी तिच्या शेजारी ताट घेऊन रघुपती बसला. रस्त्यापलीकडून दोन मुलांच्या आया बघत होत्या.

"स्वल्प वाढू, अण्णा?"

"वाढ. भरपूर वाढ."

त्या दिवशीची हजेरी: पाच. मोजणीच्या बाई सोमवारी अकरा वाजता यायच्या आहेत.