आत्याला मरता येईना

बुडालेल्या खाणीच्या दुसऱ्या दालनात एकूण सत्तेचाळीस वस्तू होत्या. सहा खांब, दोन दोरखंड, एक लाकडी पूल, अकरा पिंपं, एक गंजलेली ट्रॉली, पंचवीस लहानमोठे दगड आणि एक खेकडा. खेकडा मालट्रकएवढा होता. या सत्तेचाळीसपैकी आवाज करणाऱ्या वस्तू नऊ. म्हणजे पडद्याकडे पाठ करून बसणाऱ्यासाठी उरलेल्या अडतीस वस्तू जगात नव्हत्याच.

ही मोजदाद डेसिबलने केली होती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती या गेम बनवणाऱ्या कंपनीत आवाजाच्या कामाला लागली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने कॉफी मशीनची घरघर मोजली, मशीनच्या पायांखाली रबर ठोकलं आणि पुन्हा मोजून दाखवली. तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

खाणीतली ती शूर नायिका, तिच्या उड्या-कोलांट्या, तिची लढाई हे सगळं न बघता, नुसतं ऐकून खेळता यावं, असं डेसिबलच्या मनाने घेतलं होतं. त्याचं कारण तिच्या घरात, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसायचं. आत्या फिजिओथेरपिस्ट होती. सव्विसाव्या वर्षी तिची दृष्टी गेली, पण त्याआधी तिने गल्लीतल्या सगळ्या पोरांना व्हिडिओ गेममध्ये धूळ चारलेली होती, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करायचे आणि संध्याकाळी भाचीशेजारी बसून राक्षसांची हाडं मोडायची, असा तिचा दिनक्रम. फक्त हाडं मोडायची भाचीने. आत्याच्या वाट्याला हुकूम सोडणं आलं होतं.

"आता काय दिसतंय? कुठनं येतोय? मार ना मग. चुकलीस? दे इकडे तो कंट्रोलर, तुझ्या हातात लोणी आहे."

कंपनीत डेसिबलच्या कल्पनेला 'कान' असं नाव पडलं. कानाला विरोध कुणाचा नव्हता, हीच अडचण होती. जिला विरोध नसतो ती गोष्ट सगळ्यात आधी कापली जाते. साहेबांनी तसं सरळ सांगितलं.

"हे बघ, गेम बाहेर पडायला दोन महिने राहिलेत. येत्या शुक्रवारी एका अंध खेळाडूने खाणीचा हा दुसरा अध्याय एकट्याने, कुणी शेजारून न सांगता पूर्ण केला, तर कान राहील. नाही केला तर पुढच्या गेममध्ये बघू."

'पुढच्या गेममध्ये बघू' याचा अर्थ ऑफिसातल्या झाडाच्या कुंडीलाही ठाऊक होता.

सोमवारी आत्या पहिल्यांदा चाचणीला आली. डेसिबलने तोवर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस वस्तूंना आवाज दिले होते. खांब गुणगुणत होते, पिंपं डुबडुबत होती, दगड पंचवीस वेगवेगळ्या सुरांत टिकटिकत होते. आत्याने हेडफोन चढवले आणि थोड्याच वेळात काढून मांडीवर ठेवले.

"ही खाण आहे की भांड्यांचं दुकान?"

"आत्या, प्रत्येक वस्तू कुठे आहे ते कळतंय ना पण?"

"कळतंय. कळून करू काय? तू रस्त्याने चालताना प्रत्येक खांबाला नमस्कार करतेस का? ज्यावर आपटणार आहे तो बोलू दे, बाकीच्यांना म्हणावं गप्प बसा."

ते डेसिबलला पटलं. रात्र न जागता, ऑफिसच्या वेळेतच तिने आवाज कमी केले. वस्तू जवळ आली तरच बोलेल, आणि एका वेळी तिनापेक्षा जास्त बोलणार नाहीत. खेकडा मात्र कायम ऐकू यायचा, डावी नांगी उचलली की डावीकडून, उजवी उचलली की उजवीकडून.

बुधवारी आत्या पुन्हा आली. चाचणीच्या खोलीला काचेची भिंत होती आणि काच जाड नव्हती. बाहेर टीम उभी होती. खेकडा ज्याने बनवला तो खेकडेवाला, खाण जिने रचली ती नकाशेवाली, आणि नखं कुरतडणारी डेसिबल. आत पडद्यावर नायिका पुलावरून पडत होती. पुन्हा उभी राहत होती, पुन्हा पडत होती. पूल ओलांडला की खेकडा तिला चेपत होता. आत्या खुर्चीतून अर्धी उठली होती, केस सुटले होते, आणि ती खेकड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. नकाशेवालीने एका शिवीचा अर्थ विचारला. खेकडेवाल्याने तिला तो सांगितला नाही.

शेवटी आत्या बाहेर आली. घाम पुसत म्हणाली, "मेले गं. एकतीस वेळा मेले. पार जीव गेला माझा." तेवढ्यात फोन वाजला, कुणीतरी पाठ धरून क्लिनिकमध्ये वाट बघत होतं, आणि आत्या काठी उघडून लिफ्टकडे गेलीसुद्धा.

तिघंही तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली.

"किती त्रास झाला त्यांना," नकाशेवाली म्हणाली.

"माझ्या आईच्या वयाच्या आहेत," खेकडेवाला म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जणू नांग्या तिथेच होत्या.

डेसिबल जागेवर जाऊन बसली. त्या दुपारी तिने पुलाच्या दोन्ही कडांना एक भिंत घातली. न दिसणारी, न ऐकू येणारी. कोडची फक्त एक ओळ. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय त्यात? खेकडेवाल्याच्या टेबलाजवळून ती जात असताना त्याने घाईघाईने संगणकावरची खिडकी मिटली, आणि नकाशेवाली उगाचच हवामानाबद्दल बोलायला लागली, तेव्हा डेसिबलला वाटलं, कामाचा ताण आहे, दुसरं काय.

शुक्रवारी सगळे एकाच खोलीत जमले. साहेब पुढच्या खुर्चीत, बाकीचे मागे. आत्या एका बाजूला, हेडफोन लावून, मांडीवर शाल पसरून बसली. एसी फार गार आहे, म्हणाली. मोठ्या पडद्यावर खेळ सुरू झाला.

आणि काय खेळ तो. नायिका थेट पुलाकडे निघाली. पुलावर पाऊलसुद्धा वाकडं पडलं नाही. वळणावर अचूक वळली. फटीपाशी अचूक उडी मारली. खेकड्याने नांगी उचलली, तिने वार केला. त्याने दुसरी उचलली, तिने दुसरा केला. खेकडा धडपडला, कलंडला, पाण्यात गेला. दार उघडलं. अध्याय संपला.

खोलीत टाळ्या वाजल्या. साहेब उभे राहिले. "एकदाही मरण नाही. कान राहणार, बास."

डेसिबलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब," आत्या म्हणाली, "तुमच्यापैकी कुणी माझ्याकडे बघितलं का हो मघापासून?"

कुणी बघितलं नव्हतं. सगळे पडद्याकडे बघत होते. आता मात्र सगळ्यांनी माना वळवल्या. आत्याने शाल बाजूला केली. मांडीवर कंट्रोलर होता. त्याची चालायची दांडी केसांच्या रबराने पुढच्या बाजूला ताणून बांधलेली होती. कंट्रोलरच्या शेजारी एक सोललेलं संत्रं होतं. साल अखंड निघाली होती, तिचं एकच लांब वेटोळं.

"मी हे सोलत होते," आत्या म्हणाली. "घ्या, गोड आहे."

कुणीच हात पुढे केला नाही.

"काल संध्याकाळी हिने मला घरी सरावाला दिला हा खेळ. मी पुलावरून मुद्दाम उडी मारायला गेले, तर पडेचना. खेकड्यापुढे जाऊन उभी राहिले, म्हटलं मार. तर तोच मेला. मध्ये उठून पाणी पिऊन आले, तरी माझी बाई चालतेच आहे. अहो, मला मरताच येईना. हा खेळ आहे की पालखी? कुणी केलं हे?"

डेसिबलने घसा साफ केला. "पुलाला भिंत मी घातली. पण तेवढंच. वळण्याचं आणि वाराचं मला माहीत नाही."

"वळणं मी लावली," नकाशेवाली जमिनीकडे बघत म्हणाली. "आणि उड्या. मला वाटलं, मी एकटीच करतेय."

"वार माझा," खेकडेवाला म्हणाला. "खेकड्याला जरा हळूही केलंय. म्हणजे, बराच."

"आणि तरीही नांगी लागली एकदा, ऐकली मी," आत्या म्हणाली. "जीव कमी झाला नाही माझा. तो कुणी भरला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हळूहळू तिघांच्याही लक्षात आलं, की साहेब खिडकीबाहेरच्या पार्किंगमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं बघताहेत.

"मी फक्त सुचवलं होतं एकाला," साहेब पार्किंगला म्हणाले. "बुधवारी मीही होतो जिन्याजवळ. ऐकवत नव्हतं."

"काय ऐकवत नव्हतं? मजा?" आत्या म्हणाली. "तीस वर्षांनी मी कुणाच्या डोळ्यांशिवाय हरत होते. स्वतःच्या चुकीने. रात्री झोपताना कळलं, त्या पुलावर कुठे चुकतेय ते. बसले दुसऱ्या दिवशी दंड थोपटून, तर तुम्ही चौघांनी पूलच गोठवलेला."

"पण आत्या, तू म्हणालीस, जीव गेला," डेसिबल म्हणाली.

"अगं, मग काय म्हणू? गेलाच होता. एकतीस वेळा."

साहेब वळले. ते मुळात वाईट नव्हते, फक्त त्यांच्यामागे तारखा लागलेल्या असत. "मग सरळच बोलू. ही मदत काढली तर तुम्ही पोचाल का शेवटपर्यंत?"

"माहीत नाही."

"आणि नाही पोचलात तर?"

"तर तुम्ही कान काढणार. मग मी घरी जाऊन हिच्यावर ओरडेन, नेहमीसारखी." आत्याने संत्र्याची फोड तोंडात टाकली. "पण असला कान ठेवणार असाल तर आजच काढा."

हातात आलेला होकार आत्याने स्वतःच्या हाताने परत केला होता, आणि आत्या बरोबर होती, याचा डेसिबलला जास्त राग आला. रागात तिचं डोकं नेहमी आकड्यांकडे पळायचं. तसंच पळालं.

"साहेब, 'पूर्ण केला' ही अटच चुकीची आहे," ती म्हणाली. "केसांच्या रबरानेही पूर्ण होतो अध्याय. मापच बदलू. ज्यांनी हा गेम कधी पाहिला नाही असे डोळस लोक बसवू. ते शेवटपर्यंत जाताना किती वेळा मरतात ते मोजू. आत्या शेवटपर्यंत गेली पाहिजे, आणि तिचे मृत्यू त्यांच्यातल्या सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यांच्या मध्ये आले पाहिजेत. कमी आले तर आपण लाड करतोय. जास्त आले तर आपण काहीतरी लपवतोय."

"आणि बाहेर पडला आकडा तर?"

"तर कान काढा. मी काही म्हणणार नाही."

"मी म्हणेन," आत्या म्हणाली.

साहेबांनी दोन आठवडे दिले. दुसरा अध्याय आत्याला पाठ झालेला, म्हणून तो बाद. नकाशेवालीने नुकताच रचलेला तिसरा, पडक्या दीपगृहाचा, घ्यायचा ठरला. त्यात आत्याने पाऊलही टाकलं नव्हतं.

ते दोन आठवडे मजेचे गेले. सगळ्यांनी आपापली ओळ काढली. साहेबांची ओळ काढायला साहेब स्वतः येऊन उभे राहिले. मग भांडणं सुरू झाली, कारण मदत करणं सोपं होतं आणि सांगणं अवघड. कडेवर भिंत घालायला एक ओळ लागते. पण कड आहे हे कळवायचं कसं? डेसिबलने डोळ्यांवर रुमाल बांधून ऑफिसच्या जिन्यावर, गच्चीवर, पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या, आणि सुरक्षारक्षकाने तिला दोनदा नाव विचारलं. शेवटी तिला उत्तर मिळालं. जिथे जमीन संपते तिथे पावलांचा प्रतिध्वनी संपतो आणि खालून वारा येतो. तिने तेवढंच दिलं. पडायचं की नाही, हे खेळणाऱ्यावर.

खेकडेवाल्याने दीपगृहात एक भलामोठा समुद्रपक्षी सोडला होता. तो झेप घेण्याआधी श्वास घ्यायचा. "हा श्वास जरा लांबवू का?" त्याने हळूच विचारलं.

"पडद्यावर बघणाऱ्यांनाही पंख फुगवलेला तेवढाच वेळ दिसतो का?" डेसिबलने विचारलं.

"हो."

"मग राहू दे."

चाचणीला चार डोळस खेळाडू आले. पाचवे साहेब बसले. त्यांनी तिसरा अध्याय कधी उघडलेला नव्हता, आणि आपण लहानपणी बरे खेळायचो, असं त्यांचं म्हणणं होतं. सहाही जणांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या. आत्याच्या खोलीतला पडदा बंद होता. तिच्या शेजारी एक माणूस बसवला होता, त्याचं काम फक्त तिच्या हातांकडे बघणं. आत्याने शाल आणली नव्हती.

दुपारपर्यंत आत्याच्या खोलीतून शिव्या ऐकू येत होत्या. या वेळी काचेबाहेर कुणी हळहळत नव्हतं. नकाशेवालीने दोन शिव्या तोंडपाठ केल्या. साहेबांच्या खोलीतूनही एक ऐकू आली, आणि ती आत्याचीच होती.

संध्याकाळी डेसिबलने आकडे फळ्यावर लिहिले.

डोळस खेळाडूंचे मृत्यू: चौदा, एकोणीस, बावीस, सत्तावीस, एकेचाळीस. एकेचाळीस साहेबांचे. सहाही जणांचा अध्याय पूर्ण.

आत्याचे मृत्यू: एकवीस.