माझ्या अंगावरचा खोटा समुद्र

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, शाळेच्या भिंतीवर टांगलेला. एक अख्खा खंड माझ्या अंगावर आहे. उत्तरेचे थंड देश, मधले डोंगराळ, दक्षिणेचे वाळवंटी, आणि आग्नेय कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेले चिमुकले देश. छापखान्यात मला रंग चढवले, पाठीला कापड चिकटवलं, वरखाली लाकडी दांडे ठोकले. तेव्हा मी किती ऐटीत होतो म्हणून सांगू!

एकदा गुंडाळताना माझा आग्नेय कोपरा टरकन फाटला. दुसऱ्याच दिवशी शाळेची तपासणी होती. चित्रकलेच्या सरांनी घाईघाईने कागदाची पट्टी चिकटवली आणि तिला समुद्राशी जुळणारा निळा रंग फासला. तीन देश पट्टीखाली गेले. तपासणीचे साहेब म्हणाले, "वा! नकाशा अगदी नव्यासारखा ठेवलाय." मी फुगून गेलो. त्या तीन देशांची मला आठवणही झाली नाही, हे सांगताना आज मान खाली जाते.

पुढे ते सर निवृत्त झाले. भूगोल एका बाईंच्या गळ्यात पडला. त्या मूळच्या गणिताच्या, म्हणून त्यांनी माझ्यावर बोट ठेवून सगळे देश मोजले आणि तो आकडा फळ्यावर लिहिला. चाचणीत एका नव्या मुलीने तीन देश जास्त लिहिले. बाईंनी लाल फुली मारली.

"बाई, त्यातल्या एका देशात माझी आजी राहते," ती म्हणाली.

"कुठे? दाखव बरं."

तिने नेमकं बोट ठेवलं. निळ्यावर.

"आजी पाण्यात राहते!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, "अगं, नकाशा काय खोटं बोलणार आहे?"

त्या दिवसापासून मुलीचं नाव 'मासोळी' पडलं. तिचा हात वर होईनासा झाला. मी मात्र भिंतीवर गप्प. मला तोंड नाही, हे खरं. पण बाईंनी माझी बाजू घेतली तेव्हा क्षणभर मला बरंच वाटलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

एकदा मधल्या सुट्टीत ती एकटीच माझ्यापाशी आली. निळ्यावरून हळूच बोट फिरवत थांबली आणि धावत जाऊन बाईंना घेऊन आली.

"बाई, इथे हाताला कड लागते."

बाईंनी हात फिरवला, ओल्या फडक्याने पट्टी भिजवली, अलगद सोलली. खालून तीन देश वर आले. एकाचं नाव मात्र पट्टीबरोबरच निघून गेलं. आजीचाच देश तो.

सुट्टी संपून वर्ग भरला. बाई उभ्याच होत्या. "चूक माझी होती, मी हिला हसले," त्या म्हणाल्या आणि मुलीच्या हातात पेन दिलं. तिने माझ्यावर तिरप्या अक्षरात त्या देशाचं नाव लिहिलं. कुणी हसलं नाही.

मित्रांनो, मला जपा, फाटू देऊ नका. पण कुणी म्हणालं, "माझं घर इथे आहे," आणि माझ्यावर ते दिसलं नाही, तर आधी त्याचं ऐका. मी चुकलो होतो. ती मुलगी तीन महिने खाली मान घालून बसली, आणि मला सगळं माहीत होतं.