दोन नारिंगी, एक तपकिरी

रेडिओकाकांनी आयुष्यात हजारो रेडिओ दुरुस्त केले, पण तलवार पेटवायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

तलवार सूनबाईची. दिवसभर पोस्टात शिक्के मारणारी ही बाई हौशी नाटक मंडळीत सेनापती झाली होती. तिसऱ्या अंकात रंगमंचावर मिट्ट काळोख व्हायचा आणि सेनापतीने उपसलेल्या तलवारीचा तेवढा उजेड. ती पेटली नाही, तर प्रेक्षकांनी तिकीट काढून नुसता अंधार बघायचा. पहिला प्रयोग संध्याकाळी सातला होता आणि दुपारचे तीन वाजले होते.

पातं तिने घरीच केलं होतं. दुधी प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, मधल्या खाचेत आठ पिवळे एलईडी, पडद्याच्या दांडीची मूठ आणि मुठीत नऊ व्होल्टची बॅटरी. फक्त रेझिस्टर कोणते घालायचे, इथे घोडं अडलं होतं. घरात चाळीस वर्षं रेडिओचं दुकान चालवलेला सासरा असताना ती बाहेर कशाला विचारायला जाईल?

काकांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपलं दुकान थाटलं.

"हे बघ. एक दिवा दोन व्होल्ट खातो. दोन दोन दिवे एकामागे एक जोडू, म्हणजे चार गेले. नवातून चार गेले, उरले पाच. हे पाच थेट दिव्यांच्या डोक्यावर बसले तर दिवे मेलेच. म्हणून त्यांना अडवायला प्रत्येक जोडीच्या वाटेत एक रेझिस्टर. पंधरा मिलिअँपिअर प्रवाह पुष्कळ झाला. तीनशे तीस ओहमचे चार नग. आण माझा माल."

सूनबाईने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून ठेवला. झाकण उघडलं आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आत शेकडो रेझिस्टर, सगळे सुटे, एकमेकांत मिसळलेले.

"आणि पाकिटं?"

"अहो बाबा, ती कसरीने खाल्ली होती. गेल्या महिन्यात टाकून दिली. रंगाचे पट्टे असतातच की ह्यांच्यावर. म्हटलं तुम्हाला काय, तुम्ही झोपेतसुद्धा ओळखाल."

आता खरी गोष्ट सांगायला हवी. रेडिओकाकांना जन्मापासून रंग धड दिसत नव्हते. निळा, पिवळा ठीक. पण लाल, हिरवा, तपकिरी हे सगळे एकाच मळकट घराण्यातले, आणि काळाही कधी कधी त्यांच्यातच जाऊन बसायचा. हे जगात कुणालाही ठाऊक नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. मेकॅनिकला रंग कळत नाहीत म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढणार? मीटर लावून एकेक नग मोजता यायचा, पण तसं मोजत बसलं तर एका रेडिओला दिवस जायचा. मग लग्न झालं आणि काकू दुकानात येऊन बसायला लागल्या. "हा पसारा मला बघवत नाही," असं म्हणून त्यांनी सगळा माल निवडला, पाकिटांत भरला, वर ठसठशीत आकडे लिहिले. पुढे दर वेळी नवा माल आला की हेच. बायकोच्या टापटिपीने आपली अब्रू राखली, असं काका मनात म्हणाले. तोंडाने कधी म्हणाले नाहीत, कारण मग का ते सांगावं लागलं असतं.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मीटर तर दुकान बंद करताना काकांनी परगावच्या चेल्याला देऊन टाकला होता.

शहाण्या माणसाने इथेच कबूल केलं असतं. काका मात्र खिडकीपाशी गेले, डब्यात बोटं घातली आणि एक नग उजेडात धरला. दोन पट्टे सारखे, तिसरा गडद. नारिंगी, नारिंगी, तपकिरी. म्हणजे तीनशे तीसचा. असावा! त्यांनी पहिली जोडी कथलाचा डाग देऊन जोडली, बॅटरी लावली. दिवे असे लखकन पेटले की सूनबाईने टाळी वाजवली. टाळी संपेपर्यंत जळका वास आला आणि दोन्ही दिवे कायमचे गेले.

"दहाच आणले होते," ती हळूच म्हणाली. "आठ लागायचे, दोन जास्तीचे. दुकान आज बंद आहे."

"बॅटरी जरा जोरात असेल," काका बोलून गेले.

"नाही हो, मीच भलते दिवे आणले असणार. मला मेलीला कुठे काय कळतं यातलं." तिने फोन उचलला. "दिग्दर्शकांना सांगते, तलवारीचा प्रवेश कापा."

सहा आठवडे ही पोरगी पोळपाटावर पट्ट्या घासत बसली होती, आणि आता काकांची चूक स्वतःच्या अंगावर घेत होती. काकांना ते सोसवेना.

"ठेव तो फोन. दिवे चांगले आहेत, बॅटरी चांगली आहे. मीच तीनशे तीसऐवजी तेहेतिसाचा लावला असणार, तपकिरीच्या जागी काळा. मला रंग दिसत नाहीत. कधीच दिसले नाहीत."

सूनबाईने फोन खाली ठेवला. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणून होय!"

"म्हणून काय?"

"आई आजारी होत्या ना, तेव्हा मला म्हणाल्या होत्या, 'ह्यांचे कपडे रोज तू काढून ठेवत जा. शर्ट, पँट, मोजेसुद्धा जोडीने. त्यांना विचारू नकोस, आणि का म्हणून मलाही विचारू नकोस.' मला वाटलं, काय हे नवऱ्याचे लाड! दोन वर्षं मनातल्या मनात कुरकुरत ठेवतेय."

काका खुर्चीत बसले. म्हणजे बायकोला माहीत होतं. पसाऱ्याचं नुसतं निमित्त होतं. इतकी वर्षं ते लपवत होते आणि इतकी वर्षं ती त्यांना लपवू देत होती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"किती केलं गं तिने माझ्यासाठी," ते म्हणाले. "समोर बसून आकडे लिहायची, आणि मी एका शब्दाने काही म्हटलं नाही."

सूनबाईने डबा स्वतःकडे ओढला. "कोणते रंग ते सांगा. मी शोधते."

"नारिंगी, नारिंगी, तपकिरी. शेवटी सोनेरी. तपकिरीच्या जागी काळा आला तर आपलं वाटोळं."

तिने एकेक नग खिडकीत नेऊन दोनदोनदा मोठ्याने वाचला. काकांनी चारही जोड्यांना डाग दिले. रंग नसले तरी हात त्यांचे होते, एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. तिने मुठीवरचं बटण दाबलं. आठही दिवे शांतपणे लागले आणि लागलेलेच राहिले. सेनापतीने आनंदाच्या भरात असा वार केला की कपाटावरचे दोन डबे धारातीर्थी पडले.

साडेपाचला ती निघाली. तलवार चादरीत गुंडाळलेली, खांद्याला पिशवी.

"येते बाबा."

"थांब. एक राहिलं."

"बॅटरी घेतलीय जादाची."

काका उठून उभे राहिले. शर्ट सारखा केला. "दोन वर्षं रोज माझे कपडे काढून ठेवलेस. आज माझ्यासाठी रंग वाचलेस. मी तुझा फार आभारी आहे."

"अहो, असं काय परक्यासारखं बोलताय?"

"परक्यांना तर मी रोजच म्हणतो," काका म्हणाले. "घरातलीला म्हणायचं राहून गेलं. ती गेली. तुझ्या बाबतीत मला राहू द्यायचं नाही."

सूनबाईने तलवार टेबलावर ठेवली, खांद्यावरची पिशवी उतरवली, आणि उशीर झाला तर झाला म्हणून सासऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसली.