आमची गाय

निशिगंधाच्या इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष पास-नापास ठरवणारा तो दिवस. नापास झाली तर पोलादपूरच्या वर डोंगरावरच्या वाडीत परत आणि मुलगा बघायला सुरुवात, असं बापाने स्वच्छ सांगितलं होतं.

तिचा प्रकल्प भारी होता. आपल्या डोक्यातल्या पेशी जसं पुन्हापुन्हा बघून शिकतात, तसं कम्प्युटरने शिकायचं. नियम सांगायचे नाहीत, नुसते फोटो दाखवत राहायचे. वाडीतली गुरं माळावर एकत्र चरत, संध्याकाळी "ही माझी, ती तुझी" असा तंटा व्हायचा. म्हणून तिने घरच्या आणि शेजारच्या कुशाबाच्या गायींचे ढीगभर फोटो कम्प्युटरला दाखवले होते. आता तो एकदाही चुकत नव्हता. निशिगंधाची मान ताठ झाली होती, आणि ताठ मानेचं काय होतं ते ठाऊक असूनही ती ताठच राहिली.

महाडच्या कॉलेजात प्रदर्शन भरलं. आई चंद्रभागा आणि कुशाबा एकाच जीपमधून आले. परीक्षक देवपूजा करून, कपाळाला बुक्का लावून आले होते. त्यांनी गंमत म्हणून स्वतःच कॅमेऱ्यापुढे तोंड नेलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: आमची गाय.

वर्गात हशा पिकला. परीक्षकांचा चेहरा तांबडा झाला. निशिगंधाने घाईघाईने गायींचे फोटो पुन्हा उघडले, आणि पहिल्यांदाच नीट पाहिले. घरच्या प्रत्येक गायीच्या कपाळावर काळा ठिपका, कुशाबाच्या एकीच्याही नाही. कम्प्युटर गाय बघतच नव्हता, लेकाचा ठिपका बघत होता! कॅमेऱ्यात बिघाड आहे म्हणावं, असं क्षणभर तिला वाटलं.

"सर, तो चुकीचं शिकलाय," ती म्हणाली. "मी शिकवलं आणि मलाच दिसलं नाही."

"माजी चूक हाय, सायेब," चंद्रभागा पुढे झाली. "फोटू काडायच्या आदी मीच काजळाची तीट लावली. नजर लागली म्हंजे? पोरीचा काय दोष नाय."

परीक्षकांना हसू आवरेना. "मग शेजाऱ्यांच्या गायींना का नाही लावलीत?"

"त्यांना कोण नजर लावतंय? हाडं मोजून घ्या!"

मागे उभा असलेला कुशाबा तडक जीपकडे निघाला.

"यंत्र आणि माणूस कसे चुकतात हे तुला कळलं, बाळ. पुढचं काम यावरच कर," म्हणत परीक्षकांनी पासाचा शेरा लिहिला. निशिगंधा रडली, आईला बिलगली.

परतताना कुशाबा जीपमध्ये त्यांच्याकडे पाठ करून बसला. पोलादपूर आलं तरी वळला नाही. शेवटी चंद्रभागाच खाली उतरली, पेढे घेऊन आली आणि पुडा सोडून पहिला पेढा त्याच्यापुढे धरला.

"माज्या दावणीला काजळ पाठव," कुशाबा म्हणाला, "मग खाईन."